आमच्या मांजरीचं रक्त

माझं लग्न जमत नव्हतं, तेव्हा आमच्या भावकीनं त्याचं कारण शोधून ठेवलं होतं. पोरगी मांजरांचं रक्त काढते म्हणे. बघायला आलेल्या पाहुण्यांना कुणीतरी हमखास ते सांगायचं, आणि पाहुणे पोहे अर्धे टाकून उठायचे. हसा, खुशाल हसा. मी नाशिकला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, लग्नही माझं मी जमवलं, आणि मांजरांचं रक्त अजून काढते.

लोकांना वाटतं ही कुठली तरी विक्षिप्त हौस असेल. डोंबलाची हौस! अंगावर ओरखडे, दंडात रेबीजची इंजेक्शनं आणि पिशवीत कायम सुक्या बोंबलांचा वास, अशी हौस कुणाला असते? त्यामागं साधं कारण आहे, ते एकदा सांगून टाकते.

शरीरात रोज नव्या लाल पेशी तयार होतात. त्या तयार होताना आतला जनुकांचा धागा कशानं तुटला, धुरानं म्हणा, विषानं म्हणा, तर तुटलेला तुकडा पेशीत मागं राहतो. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून त्याला रंग दिला, की सूक्ष्मदर्शकाखाली तो बारीक गोल ठिपक्यासारखा दिसतो. आपल्या डाव्या बरगडीखाली प्लीहा असते. माणसाची प्लीहा अशा ठिपकेवाल्या पेशी वेचून काढते आणि बाहेर काही दिसू देत नाही. मांजराची प्लीहा या कामात ढिली. ती त्या पेशी तशाच रक्तात फिरू देते. थोडे ठिपके प्रत्येक मांजरात असतात, पण कुठल्या जागेवरच्या मांजरात ते जास्त आहेत हे मोजता येतं. मांजर आपल्याच घरात राहतं, आपलंच दूध पितं, आपल्याच हवेत श्वास घेतं. वर अंगावर जे पडेल ते दिवसभर चाटून पोटात घालतं. आपलं रक्त जे झाकून ठेवतं, ते मांजराचं रक्त सांगून टाकतं.

मी तेव्हा पीएचडी करत होते. नाशिकच्या आसपासची मांजरं घ्यायची आणि कुठं किती ठिपके दिसतात ते बघायचं, असा विषय होता. सुरुवातीला जनावरांचे डॉक्टर बरोबर यायचे, कानाच्या कडेला सुई कशी टोचायची ते त्यांनीच शिकवलं. माझ्या मनात आरोपी आधीच ठरलेला होता. नाशिक रोडवरून एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. कुणालाही विचारा, खोकला का येतो, तर बोट तिकडंच जातं. माझंही जायचं. म्हणून त्या बाजूच्या वस्त्यांमधली मांजरं घेतली, मग शहरातली, मासळी बाजारातली, रिक्षा स्टँडवरची घेतली. या सगळ्यांशी ताडून बघायला एक स्वच्छ जागेवरचं मांजर हवं होतं. ते कुठलं घ्यायचं, याचा मी क्षणभरही विचार केला नाही. आमच्या घरचं!

आमचं घर दिंडोरी तालुक्यात, मळ्यात आहे. तिन्ही बाजूंनी द्राक्षबाग, अंगणात तुळस, आई दिवसातून दोनदा झाडणार. आमच्याकडं सगळ्यांच्या डोक्यात एक रेघ पक्की मारलेली असते, की औषध म्हणजे बागेतली गोष्ट आणि घर म्हणजे स्वच्छ. फवारणीला आम्ही विष कधी म्हणत नाही, औषधच म्हणतो. बागेतून आलेला माणूस हातपाय धुऊन उंबरा ओलांडतो, म्हणजे औषध उंबऱ्याबाहेर राहिलं. ही रेघ मांजरीला कुणी दाखवली नव्हती.

दिवाळीला घरी गेले तेव्हा वहिनीनं मांजरीला टॉवेलात गुंडाळून मांडीत घट्ट धरलं आणि मी कानाला सुई टोचली. वहिनी माझ्यापेक्षा एखाद वर्षानं मोठी असेल, माहेर तिचं निफाडकडचं. एरवी बोलणं कमी, पण हाताला धीट बाई.

"ताई, मला बी टोचणार का?" तिनं हसत विचारलं.

"तुझी प्लीहा चांगलं काम करते. तुझ्या रक्तात मला काय दिसणार?"

"म्हणजे माझ्यापरीस हिचं रक्त खरं बोलतं म्हणा की."

तेव्हा तिला दिवस गेलेले होते. आदल्या वर्षी तिचं एक मूल पोटातच गेलं होतं. त्याबद्दल घरात कुणी बोलायचं नाही. देवाची मर्जी म्हणून विषय बंद. आता पुन्हा राहिलंय म्हटल्यावर आई तिला जपत होती. दादा बोलून दाखवायचा नाही, पण बाजारातून येताना रोज न चुकता नारळपाणी आणायचा. आणि त्यातच मांजरीनं मागच्या पडवीत पिल्लं घातली, मग आईला तर शुभशकुनच मिळाला. घरात मांजर व्याली की पाळणा हलतो, असं आमच्याकडं बायका धरून चालतात. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असंही धरून चालतात, पण आमचीनं जागा बदलली नाही. आईनं कौतुकानं खोक्यात आपलं जुनं लुगडं अंथरलं आणि दम भरला, पिल्लांना कुणी हलवायचं नाही. ती टिकली म्हणजे सुनेचंही टिकेल, असा तिचा हिशेब.

सुट्टी संपवून नाशिकला आले आणि काचपट्टी लावली. बघते तर ठिपकेच ठिपके. रंग नीट धुतला गेला नसेल म्हणून दुसरी पट्टी केली, तिच्यातही तेच. पट्ट्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून पुन्हा गावी जाऊन पुन्हा थेंब आणला. एकलहऱ्याकडच्या, मासळी बाजारातल्या, सगळ्या मांजरांच्या वर आमची दूधभात खाणारी मांजर जाऊन बसली होती.

माझ्या सरांना पट्ट्या दाखवल्या. सर वाईट नव्हते, पण त्यांना नीटनेटका प्रबंध आवडायचा.

"हे मांजर काढून टाक," ते म्हणाले. "ज्याच्याशी ताडायचं तेच खराब निघालं तर बाकीचं कशाशी ताडणार? दुसरं घे."

"सर, खराब निघालंय म्हणूनच तर ठेवायचं ना?"

"अगं, एका मांजरावरून काय सिद्ध होतं?"

"काढून टाकल्यावर काय सिद्ध होतं?"

आवाज चढला होता माझा, मान्य. पण मला राग आला होता आणि त्याची लाज तेव्हाही वाटली नाही, आजही वाटत नाही.

त्याच आठवड्यात वन खात्याच्या लोकांनी उसातून एक रानमांजर आणलं होतं, तोडणीत पाय जखमी झालेलं. उपचार करताना डॉक्टरांना तसंही त्याचं रक्त घ्यावं लागणार होतं. परवानगी काढून त्यातला एक थेंब मी मागून घेतला. काय त्या जनावराचा तोरा! पाय बांधलेला, तरी गुरगुरणं असं की पिंजऱ्यापासून दोन पावलं मागंच राहावं. त्याच्या रक्तात ठिपके शोधून शोधून काढावे लागले. सर म्हणाले, रानमांजराची जात वेगळी, त्याची घरच्या मांजराशी तुलना चालत नाही. बरोबरच होतं त्यांचं, प्रबंधात मीही तसंच लिहिलं. पण रात्रंदिवस उघड्यावर काढणारं, उंदीर-घुशींवर जगणारं ते जनावर आणि आईच्या लुगड्यावर झोपणारी आमची मांजर, हे दोघं काही माझ्या डोक्यातून जाईनात. शेवटी मी शनिवारी बस पकडली आणि घरी जाऊन दिवसभर काही न करता मांजरीच्या मागं फिरले.

ती सकाळी स्वयंपाकघरात यायची, दूध प्यायची आणि मागच्या पडवीत निघून जायची. त्या पडवीत मी लहानपणापासून हजार वेळा गेलेय, पण त्या दिवशी पहिल्यांदा तिथं नीट बघितलं. घरामागं नळ आहे, विजेचा बोर्ड आहे, म्हणून औषध कालवायचा दोनशे लिटरचा ड्रम तिथंच. ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडून तिथंच भरायचा. फुटलेल्या पुड्या आणि अर्ध्या बाटल्या फळीवर. फवारणीचे कपडे दोरीवर, ते धुते वहिनी, हातानं. फळीखाली पिल्लांचं खोकं. पंपाच्या नळीतून गळणारं पाणी खोक्याजवळून वाहत होतं आणि मांजर त्यातून चालून आली की आधी पंजे चाटायची, मग पिल्लांना चाटायची. खोक्याच्या बरोबर वर एक खिडकी होती. दादा-वहिनीच्या खोलीची. वहिनीला उकडतं म्हणून ती दिवसरात्र उघडीच असायची.

मी वही काढली आणि ड्रमापासून खिडकीपर्यंतची पावलं मोजून लिहिली.

दादा जेवायला आला तसं मी सांगितलं. ड्रम इथून हलव, मळ्याच्या टोकाला ने, औषधं तिकडंच ठेव आणि वहिनीला ते कपडे धुवायला लावू नकोस. दादानं भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला, मग बोलला.

"ऐन हंगामात? टोकापर्यंत विजेची लाईन कोण ओढणार? तुझे ते सर?"

"दादा, मांजरीच्या रक्तात..."

"मांजरीच्या रक्तात! माझी द्राक्षं दरसाल परदेशात जातात. तपासून जातात. आजवर एक बी डाग नाय. रिपोर्ट बघ जा, भिंतीला लावलाय."

"तो द्राक्षांचा रिपोर्ट आहे. तुमचा कुठंय?"

"ए शहाणे, मी स्वतः हातानं कालवतो औषध. मला काय झालंय? हे बाहेर कुठं बोललीस ना, तर द्राक्षाचा प्लॉट उचलणारा व्यापारी फिरकायचा नाय. समजलं?"

आईही त्याच्याच बाजूनं. "आमची हयात गेली या मळ्यात. तुझ्या काचेत काय दिसतंय त्यावर आम्ही पिल्लं हलवायची होय? अपशकुन करू नको, बये."

मी वहिनीकडं बघितलं. ती ताटात बघत होती. मला तिचाही राग आला. बाई गं, तुझ्यासाठीच भांडतेय ना मी? तिला बाजूला घेऊन मी सगळं खरं खरं सांगितलं. मांजरीच्या रक्तावरून तुझ्या पोटातल्या बाळाबद्दल मला काहीही सांगता येत नाही. मागचं मूल का गेलं तेही मला माहीत नाही, ते माहीत असल्याचा आव मी आणणार नाही. पण तू आणि मांजर एकाच हवेत झोपता, आणि मांजरीचं जे झालंय ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मला खात्री होईपर्यंत तुझे दिवस भरतील. खात्रीची वाट बघायची तर बघ.

ती फक्त "हं" म्हणाली आणि खिडकी लावायला गेली. मी चिडून निघून आले.

पुढं दादाचा आगाप, म्हणजे लवकर छाटलेला, बागेचा एक प्लॉट तयार झाला. बाकीच्या बागा मागं होत्या, त्यांच्यावर फवारे जोरात चालू होते. परदेशी पाठवण्याआधी औषधाचा अंश तपासतात, त्यासाठी तयार प्लॉटमधला द्राक्षांचा नमुना घ्यायला प्रयोगशाळेचा माणूस येणार होता. मी नेमकी त्या दिवशी घरी होते. दादानं मला सकाळीच बजावलं, "आज तोंड उघडायचं नाय." मी म्हटलं, "बरं." आणि खरंच गप्प बसायचं ठरवलं होतं, कारण वर्षभराची मेहनत त्याची, ती माझ्या एका वाक्यानं पाण्यात गेली असती तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

तो माणूस आला. हातात मोजे घातले, बागेत सगळ्या बाजूंनी फिरून घड तोडले, पिशव्यांत भरले, सील केलं, दादाची सही घेतली. अगदी जपून, हळू हातानं. एकेका घडाला असा धरत होता की बघत राहावं. मग ओट्यावर चहाला बसला. दादा खूश होता. गावातले दोघं-तिघंही येऊन बसले होते. वहिनी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, सगळ्यांना कप दिले आणि आत जायच्या ऐवजी तिथंच उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "द्राक्षांचा नमुना घेतला. आमचा कधी घेणार?"

माणूस गोंधळला. "तुमचा म्हणजे?"

"म्हणजे माणसांचा. द्राक्षं तर खाणारा तिकडं लांब बसलाय. ज्या ड्रमात औषध कालवतात त्याच्या उशाशी मी झोपते. फवारणीचे कपडे मी धुते."

"वहिनी, माणसांचा नमुना घ्यायची आमच्याकडं सोय नसते हो."

"नसू द्या. आमच्या ताईनं मांजराचा घेतलाय," वहिनी म्हणाली. "आणि आमची मांजर नापास झालीय."

दादाचा कप हातातच राहिला. गावातल्यांपैकी एकजण फिसकन हसला आणि कुणीच साथ देईना म्हणून गप्प झाला. इतके दिवस मला वाटत होतं बाई ऐकतच नाही.

"घरात जा," दादा दातओठ खात म्हणाला.

"नाय जाणार," वहिनी म्हणाली. आवाज अजिबात चढवला नाही तिनं. "माहेरी बी जाणार नाय. मी हितंच राहणार. जायचं असंल तर त्या ड्रमानं जायचं. मागच्या खेपेला मी सगळ्यांचं ऐकलं, गप बसले. ह्या खेपेला नाय बसणार."

प्रयोगशाळेचा माणूस चहा अर्धा ठेवून उठला. जाताना दादाला हळूच म्हणाला, "भाऊ, याचा द्राक्षांच्या तपासणीशी काही संबंध नाही, काळजी करू नका." चांगला माणूस होता. पण दादाचा चेहरा पडला तो पडलाच. तो तडक बागेत निघून गेला.

आणि मग आई उठली. ती पदर खोचून मागच्या पडवीत गेली, फळीखाली वाकली आणि पिल्लांचं खोकं उचललं. स्वतःचा हुकूम स्वतः मोडला बाईनं. मांजर गुरगुरली तर तिला म्हणाली, "गप गं. तुला बी अक्कल नाय, मला बी नव्हती." खोकं तिनं देवघराच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. लुगडं मात्र पेटवून दिलं. मी आणि आईनं मिळून ड्रम आडवा पाडला आणि मळ्याच्या टोकाकडं ढकलत नेला. वाटेत दादा भेटला. आम्ही दोघी धापा टाकतोय, ड्रम गडगडतोय. तो म्हणाला, "व्हा बाजूला, पाय चेंगरतील," आणि त्यानं ड्रम हातात घेतला. माझ्याशी तो पुढं संक्रांतीपर्यंत बोलला नाही. पण टोकापर्यंत लाईन त्यानंच ओढून घेतली, पत्र्याची खोली बांधली, तिला कुलूप लावलं. प्लॉट ठरल्याप्रमाणं परदेशी गेला, एक डाग नाही.

वहिनीला उन्हाळ्यात मुलगी झाली. धडधाकट, आणि काय आवाज तिचा! ती ड्रम हलवल्यामुळं नीट झाली, असं मी कुणालाही सांगत नाही, कारण ते मला माहीत नाही. मला माहीत आहे ते एवढंच, की गुढीपाडव्याच्या सुमाराला मी आमच्या मांजरीचं रक्त पुन्हा तपासलं तेव्हा ठिपके बरेच उतरले होते. प्रबंधातून मी तिला काढलं नाही. 'स्वच्छ जागेवरचं मांजर' हे शब्द तेवढे खोडले आणि तिला सगळ्यात वरच्या ओळीत बसवलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी चष्मा वर करून विचारलं, "हे मांजर कुणाचं?" मी म्हटलं, "आमचं. सर, नीट बघा, आमचंच आहे."

आता आमच्या गावात मी शिरले की गंमत होते. "आली रे आली, मांजरं आत घ्या!" लोक खरोखर दारं लावतात. आपलं मांजर नापास निघेल म्हणून बाप्ये घाबरतात, आणि मला हसतात ते त्यासाठीच. हसू देत.

कारण मागच्या दारानं बायका येतात. बाजाराच्या पिशवीत मांजर घालून, वरून पदर टाकून, धन्याला न सांगता. परवा एक बाई अशीच आली, पिशवीतलं मांजर ओरडून ओरडून गाव गोळा करत होतं. मी सुई काढली. वहिनीनं टॉवेल पसरला, मांजराला मांडीत घट्ट धरलं आणि नेहमी विचारते तेच विचारलं.

"कुठं झोपतं हे तुमचं मांजर?"

"औषधाच्या खोलीत. उबेला."

"आणि सून?"

ती बाई पिशवीची घडी घालत बसली, उलगडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "बिगीनं टोचा ताई. मला घरी जाऊन सामान हलवायचंय."